रिमोटची बग्गी: बांधणी, दुरुस्ती आणि बुलढाण्याची माती

दुकानात मिळणारी रिमोटची गाडी आणि सुट्या भागांतून बांधायची शर्यतीची बग्गी लांबून सारख्याच दिसतात. फरक कळतो तो पहिल्यांदा काही मोडल्यावर. खेळण्यातल्या गाडीच्या गिअरचा एक दाता गेला की ती माळ्यावर जाते, कारण ती पुन्हा उघडावी या हिशेबानं केलेलीच नसते. किटमध्ये प्रत्येक स्क्रू, बेअरिंग आणि दांडी सुटी येते. बहुतेक भागांना क्रमांक असतो आणि मोडला तेवढाच भाग पुन्हा मागवता येतो. शिवाय गाडी स्वतःच्या हातांनी जोडलेली असल्यामुळं बिघाड झाला की हात कुठं घालायचा हे मालकाला ठाऊक असतं.

पार्सल आता तालुक्याच्या गावापर्यंत येतं. त्यामुळं चिखली, मेहकर किंवा खामगावातल्या मुलालाही असं किट मागवता येतं. पण मागवण्याआधी काही प्रश्नांची उत्तरं मिळायला हवीत. कोणतं किट घ्यावं? ते बांधताना कुठं चुकतं? इथली माती आणि इथलं ऊन या यंत्राचं काय करतं? मोडलं तर दुरुस्ती कुठं? कायदा काय म्हणतो? आणि एवढं करून हाती काय येतं? या सगळ्यांचा हा आढावा. माझं मत आधीच सांगतो: आपल्या जिल्ह्यात बग्गी निवडताना वेगाकडं शेवटी पाहावं, दुरुस्तीकडं आधी.

मातीत उतरलेली गाडी

या छंदाची मुळं जपानमधल्या शिझुओका शहरात आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आहेत. शिझुओकाची तामिया कंपनी 1946 मध्ये लाकडाच्या धंद्यात सुरू झाली, मग लाकडी आणि पुढं प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडं वळली. 1976 मध्ये तिनं पोर्श 934 ही आपली पहिली रिमोटची मोटार काढली. ती गुळगुळीत रस्त्याची होती. 1979 मध्ये आलेल्या 'रफ रायडर' आणि 'सँड स्कॉर्चर' या किटनी गाडी मातीत आणि वाळूत उतरवली. कॅलिफोर्नियातल्या वाळवंटी बग्ग्या फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बांधल्या जात. त्यांचंच सस्पेन्शन या किटमध्ये धातूत लहान करून बसवलं होतं.

1984 हे वर्ष या छंदात फार महत्त्वाचं ठरलं. तामियानं 'ग्रासहॉपर' आणि 'हॉर्नेट' ही साधी, दणकट, शाळकरी मुलालाही जोडता येतील अशी किटं त्या वर्षी बाजारात आणली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या टीम असोसिएटेडनं 'आरसी10' काढली. तिची चेसिस ॲल्युमिनियमची होती, चारही चाकांना तेल भरलेले शॉक होते आणि तिची सगळी रचना शर्यत जिंकण्यासाठीच केलेली होती. पुढच्याच वर्षी, 1985 मध्ये, कॅलिफोर्नियात एक दशांश मापाच्या बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली.

तेव्हापासून दोन परंपरा शेजारी शेजारी चालत आल्या आहेत. एक दणकट आणि क्षमाशील किटची, दुसरी हलक्या आणि नेमक्या शर्यती यंत्राची. आपण कोणत्या परंपरेतलं किट घेतो यावर पुढचा सगळा खर्च आणि सगळी दुरुस्ती ठरते. जुन्या लोकप्रिय बग्ग्या तामियानं 2004-05 पासून पुन्हा बाजारात आणायला सुरुवात केली. त्यामुळं चाळीस वर्षांपूर्वीच्या रचनेचे भागही आज नवे मिळतात. आडगावच्या माणसाच्या दृष्टीनं ही गोष्ट वेगापेक्षा मोलाची आहे.

बाजारात काय काय मिळतं

पहिला प्रकार बंद गिअरबॉक्सच्या साध्या किटचा. तामियाच्या 'डीटी-02', 'डीटी-03' या मागच्या दोन चाकांवर ओढणाऱ्या बग्ग्या आणि 'टीटी-02बी' ही चारही चाकांवर ओढणारी बग्गी त्यात येते. गिअर पूर्ण झाकलेले, भाग बहुतांश प्लास्टिकचे, स्क्रू प्लास्टिकमध्ये स्वतःच आटे पाडत बसणारे. मोटर बहुतेक वेळा किटसोबतच येते. ही 540 मापाची, कार्बन ब्रशची साधी मोटर असते.

दुसरा प्रकार शर्यतीच्या किटचा. असोसिएटेड, लोसी, एक्सरे, क्योशो या कंपन्यांची नावं यात घेतली जातात. यात मोटर, चाकं वळवणारा सर्व्हो, मोटरचा वेग आवरणारा स्पीड कंट्रोलर, बॅटरी आणि बहुतेकदा टायरसुद्धा वेगळे घ्यावे लागतात. प्रत्येक कोन बदलता येतो, पण धूळ आत शिरायला जागाही जास्त असतात.

तिसरा प्रकार जोडून तयार आलेल्या गाडीचा. डब्ल्यूएलटॉईजची एक चौदांश मापाची '144001' हे त्याचं परिचित उदाहरण. धातूची चेसिस, चारही चाकांना ओढ आणि सुटे भागही मिळतात. शिकायचं असेल तर ही गाडी आणल्यावर एकदा पूर्ण उघडून पुन्हा जोडावी. म्हणजे तिच्यातूनही बरंच किटचं शिक्षण मिळतं.

चौथा प्रकार एक अष्टमांश मापाचा. ही बग्गी सुमारे अर्धा मीटर लांब आणि तीन-साडेतीन किलो वजनाची असते. इंधनावरच्या अशा बग्गीत साडेतीन सीसीचं छोटं इंजिन असतं. ते मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेलाच्या मिश्रणावर चालतं. आवाज आणि वास यांचं आकर्षण मोठं आहे. पण हे इंधन ज्वलनशील आणि विषारी असतं, ते सहज पार्सलनं येत नाही आणि घरात साठवणं धोक्याचं आहे. जिल्ह्यातल्या नवशिक्यानं विजेवरचीच बग्गी घ्यावी.

बांधणीचा क्रम आणि त्यातल्या जागा

किटच्या पुस्तिकेत चित्रं असतात आणि पिशव्यांवर अक्षरं. एका वेळी एकच पिशवी उघडायची, हा पहिला नियम. स्क्रू खऱ्या मापाच्या चित्रावर ठेवून ताडून पाहायचे. तीन मिलिमीटरचे आठ आणि दहा लांबीचे स्क्रू नजरेला सारखेच वाटतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला की आतला गिअर अडतो. जपानी किटमधल्या फुलीच्या स्क्रूला आपल्याकडचा नेहमीचा स्क्रूड्रायव्हर नीट बसत नाही, निसटतो आणि डोकं खराब करतो. जपानी मापाचा एक चांगला स्क्रूड्रायव्हर आधीच घ्यावा.

प्लास्टिकमध्ये स्क्रू पिळताना हात हलका हवा. डोकं टेकलं की थांबायचं. जास्त पिळला की आटे जातात. उघडून पुन्हा बसवताना आधी स्क्रू उलटा अर्धा फेरा फिरवायचा, जुन्या आट्यांत तो बसल्याचं बोटाला जाणवतं, मग घट्ट करायचा. धातूत धातू जाईल तिथंच स्क्रू धरून ठेवणारं निळं द्रावण लावायचं. प्लास्टिकला ते लागू देऊ नये, काही प्लास्टिक त्यानं तडकतं.

साध्या किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लास्टिकचे किंवा धातूचे बुश येतात. ते बांधतानाच बाजूला ठेवावेत आणि बॉल बेअरिंग बसवावेत. तामियाच्या बऱ्याच बग्ग्यांना 11 मिलिमीटर बाहेरचा आणि 5 मिलिमीटर आतला व्यास असलेले बेअरिंग लागतात. पूर्ण संचाचा खर्च गाडीच्या मानानं थोडा असतो आणि फायदा सगळ्यात मोठा. बुशमध्ये धूळ गेली की भोक अंडाकृती होतं, चाक लटपटतं आणि गिअरचं अंतर बिघडतं.

डिफरन्शियल हा भाग ट्रॅक्टरच्या गॅरेजमध्ये बसलेल्या कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त फिरायचं असतं आणि आतल्याला कमी. ती सवलत डिफरन्शियल देतो. बग्गीत तो दोन प्रकारचा येतो. एक गिअरचा, ज्यात सिलिकॉनचं दाट तेल भरतात. दुसरा बारीक गोळ्यांचा, जो घर्षणावर चालतो. गोळ्यांचा डिफ हलका आणि नेमका असतो, पण धुळीत त्याची वारंवार सफाई लागते. इथं गिअरचा डिफ बरा. तेलाचा दाटपणा वाढवला की दोन्ही चाकं जास्त एकत्र फिरतात, ओढ वाढते, पण वळण जड होतं. एक अष्टमांश बग्गीत पुढं, मध्ये आणि मागं असे तीन डिफ असतात. पुढच्या आणि मधल्या डिफमध्ये पाच-सात हजार सेंटिस्टोकचं आणि मागं दोन-तीन हजारांचं तेल घालून सुरुवात करतात, मग मातीप्रमाणं बदलतात.

सगळ्यात जास्त बिघाड पिनियन (मोटरच्या दांडीवरचा छोटा गिअर) आणि मोठ्या गिअरच्या मधल्या अंतरात जन्मतात. दाते फार जवळ बसले तर मोटर तापते. दूर राहिले तर उडीच्या झटक्यात दाते सोलून निघतात. दोन्ही गिअरांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबून घट्ट करावी आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी. कागदावर दात्यांचे ठसे उठले पाहिजेत, कागद फाटता कामा नये. मोठा गिअर पूर्ण एक फेरा फिरवून ही तपासणी करावी, कारण तो थोडा वाकडा बसलेला असू शकतो.

शॉक भरणं हे बांधणीतलं सगळ्यात निवांत काम. सिलिकॉन तेल वरपर्यंत भरायचं, पिस्टन अगदी सावकाश वरखाली करायचा, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत शॉक उभा ठेवायचा आणि मग रबरी पडदा व टोपी बसवायची. दांडी दाबल्यावर फसफस आवाज आला तर आत हवा राहिली आहे. डावा-उजवा जोड एकाच लांबीचा आणि एकाच दाबाचा हवा. नाहीतर गाडी उडीनंतर एका बाजूला पडते.

वरचं कवच पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं असतं आणि रंग आतून द्यायचा असतो. त्यामुळं नक्षीतला सगळ्यात पुढचा, म्हणजे गडद, रंग आधी आणि फिका नंतर मारावा लागतो. पॉलिकार्बोनेटसाठी बनवलेलाच रंग घ्यावा. साधा स्प्रे पहिल्या आपटण्यातच पापुद्र्यासारखा सुटतो.

मोटर, बॅटरी आणि थोडं गणित

ब्रशच्या मोटरची ताकद वाइंडिंगच्या फेऱ्यांनी सांगतात. किटसोबतची मोटर साधारण 27 फेऱ्यांची असते. फेरे कमी तसा वेग जास्त, करंट जास्त, तापणंही जास्त. ब्रशलेस मोटरला दर व्होल्टमागं किती फेरे पडतात तो आकडा दिलेला असतो. समजा मोटर 3000 च्या आकड्याची आहे आणि लिथियम पॉलिमरची दोन सेलची, 7.4 व्होल्टची बॅटरी लावली. बिनभाराचे फेरे झाले मिनिटाला 22,200. मोठ्या गिअरला 72 दाते, पिनियनला 24, आणि आतल्या गिअरबॉक्सचं प्रमाण 2.6 धरलं, तर एकूण प्रमाण 7.8 येतं. चाकाचा व्यास 85 मिलिमीटर असेल तर वेग ताशी सुमारे 45 किलोमीटर होतो. पिनियन 18 दात्यांचं केलं तर तोच वेग 34 वर उतरतो, पण मोटरवरचा ताण कितीतरी कमी होतो. प्रत्यक्षात भारामुळं दोन्ही आकडे थोडे खाली येतात. सातवी-आठवीच्या मुलाला गुणोत्तर शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही, कारण उत्तर चुकलं की मोटर हाताला चटका देऊन सांगते.

बॅटरीच्या बाबतीत मात्र हयगय चालत नाही. लिथियम पॉलिमरचा सेल भरल्यावर 4.2 व्होल्टवर थांबला पाहिजे आणि 3 व्होल्टच्या खाली कधीच जाता कामा नये. स्पीड कंट्रोलरमध्ये लिथियमची खूण निवडलेली आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासावं. चार्जर दोन्ही सेल सारखे भरणारा असावा आणि 5000 मिलिॲम्पिअर तासाच्या बॅटरीला 5 ॲम्पिअरपेक्षा जास्त चार्ज देऊ नये. महिनाभर गाडी चालणार नसेल तर सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा. बॅटरी फुगली की तिचं आयुष्य संपलं. ती टोचू नये, दाबू नये, उन्हात ठेवू नये. चार्जिंग जमिनीवर, वाळूच्या बादलीजवळ, माणूस जागा आणि जवळ असताना करावं. घरात लहान मुलं असतील तर सुरुवात 7.2 व्होल्टच्या निकेल मेटल हायड्राइड बॅटरीनं करावी. ती जड आहे, कमी झटक्याची आहे, पण चुका सहन करते.

घाटावर आणि घाटाखाली

अजिंठ्याच्या डोंगररांगेनं बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. घाटावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा. घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. बग्गीच्या दृष्टीनं हे दोन वेगळे प्रदेश आहेत.

घाटावर अनेक ठिकाणी मुरूम आणि बेसॉल्टची खडी वर येते. ती टोकदार असते. टायर लवकर झिजतात, चेसिसच्या पोटाला चरे पडतात आणि खालचे स्क्रू घासून त्यांची डोकी गुळगुळीत होतात. इथं पोटाची उंची थोडी वाढवावी, खालच्या बाजूला जाड चिकट पट्टी लावावी आणि आखूड, दाट ठोकळ्यांचे टायर घ्यावेत. घाटाखालची काळी कसदार माती वेगळ्या तऱ्हेनं छळते. पावसाळ्यात ती फुगते आणि चाकाला लगदा बनून चिकटते. गाडीचं वजन वाढतं आणि मोटर तापून बंद पडते. उन्हाळ्यात हीच माती भेगाळते आणि तिचा पिठासारखा बारीक धुरळा उठतो. भेगेत चाक अडकलं की पुढची दांडी तुटलीच म्हणून समजावं. कापूस निघाल्यावर उरलेली पऱ्हाटी आणि सोयाबीनची धसकटंही दांड्यांचा जीव घेतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतचा काळ, साफ केलेली पडीक जागा आणि लांब टोकांचे टायर, हे घाटाखालचं उत्तर.

खारपाण पट्ट्यात आणखी एक काळजी हवी. तिथल्या बोअरच्या खाऱ्या पाण्यानं बग्गी धुतली तर बेअरिंग गंजतात आणि वायरच्या टोकांवर पांढरी पूड जमते. आधी कोरड्या ब्रशनं आणि हवेच्या पंपानं माती काढावी. धुणं अटळ असेल तर पावसाचं किंवा फिल्टरचं थोडं पाणी वापरावं, लगेच वाळवावं आणि बेअरिंगला हलकं तेल द्यावं.

उन्हाचं गणित वेगळंच आहे. मे महिन्यात घाटाखाली पारा चाळिशीच्या बराच वर जातो. सिलिकॉन तेल पातळ होतं, म्हणून शॉकमध्ये हिवाळ्यापेक्षा एक पायरी दाट तेल घालावं. पिनियन दोन दाते लहान करावं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी चालवावं आणि दोन बॅटऱ्यांमध्ये मोटर निवू द्यावी. कोरड्या हवेचा परिणाम नायलॉनवरही होतो. नायलॉनच्या दांड्यांमधला ओलावा गेला की त्या ठिसूळ होतात. नव्या दांड्या पंधरा-वीस मिनिटं पाण्यात उकळल्या की त्या ओलावा धरतात आणि वाकतात, पण लवकर तुटत नाहीत. शर्यतीच्या जगात ही जुनी युक्ती आहे आणि विदर्भाच्या उन्हाळ्यात तिची गरज जास्त आहे.

मैदान कसं करायचं, हे इथल्या शेतकऱ्याला शिकवायला नको. खळं करताना जागा खणून, पाणी मारून, चोपून आणि शेणानं सारवून टणक करत. परदेशातले मातीचे ट्रॅकही असेच पाणी मारून आणि दाबून केले जातात. जुन्या खळ्याच्या जागेवर मातीचे दोन उंचवटे आणि चार वळणं केली की सरावाचा उत्तम ट्रॅक तयार होतो. लोणारच्या विवरात, ज्ञानगंगा किंवा अंबाबरवा अभयारण्यात गाडी नेण्याचा विचारही करू नये. लोणार सरोवर 2020 पासून रामसर स्थळ आहे आणि तिथली शांतता आपल्या छंदापेक्षा मोठी आहे.

बिघाड ओळखणं

बग्गीचे बहुतेक बिघाड आवाजावरून आणि बोटानं ओळखता येतात. मोटर जोरात फिरते आणि गाडी जागची हलत नाही, तर आधी पिनियनचा छोटा स्क्रू पाहावा. तो मोटरच्या दांडीच्या सपाट भागावरच टेकलेला हवा. तो घट्ट असेल तर मोठ्या गिअरचे दाते, मग झटक्याला निसटणारा स्लिपर क्लच, मग चाकाच्या षटकोनी तुकड्यातली पिन, या क्रमानं जावं. ब्रशलेस मोटर सुरू होताना अडखळते, थरथरते, तर सेन्सरची वायर किंवा सैल झालेला सोल्डरचा सांधा हे कारण असण्याची शक्यता मोठी. गाडी चालता चालता मंदावून थांबते आणि थोड्या वेळानं पुन्हा चालते, तर कंट्रोलर तापला आहे किंवा बॅटरी उतरली आहे.

सरळ चालत नसेल तर रिमोटवरचा ट्रिम फिरवण्याआधी सर्व्होचा दांडा मध्यावर बसला आहे का ते पाहावं. धक्का झेलणारा सर्व्हो सेव्हर सैल झाला असेल तर कितीही ट्रिम केलं तरी गाडी भटकते. चाक हातानं हलवून पाहावं. खेळ जास्त असेल तर बेअरिंग किंवा बिजागरीची पिन गेली आहे. शॉकच्या तोंडाशी धूळ चिकटलेला ओलसर वळा दिसला तर आतला रबरी ओ-रिंग बदलायची वेळ झाली.

प्लास्टिकमधले आटे गेले तर किंचित जाड, पुढच्या मापाचा स्क्रू वापरता येतो, किंवा भोकात पातळ प्लास्टिकची पट्टी घालून तोच स्क्रू पुन्हा बसवता येतो. तुटलेली दांडी चिकटवून शर्यतीत उतरवू नये, ती पुन्हा त्याच जागी तुटते. थ्रीडी प्रिंटर जवळ असेल तर बॅटरीची पट्टी, पंख्याचा कंस, पंखाचा आधार असे भाग घरी काढता येतात. मात्र नेहमीचं पीएलए प्लास्टिक 60 अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत ते वाकडं होतं. पीईटीजी किंवा नायलॉन वापरावं.

इथं जिल्ह्याचं खरं बळ दिसतं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बारीक सोल्डरिंग करणारे हात आहेत. पंप आणि पंख्यांच्या मोटरी भरणाऱ्याला वाइंडिंग, ब्रश आणि कम्युटेटर समजावून सांगावे लागत नाहीत. वाकलेल्या दांडीऐवजी लेथवर नवी दांडी करून मिळते. बारीक कानस, ड्रिल आणि चिमटे सोनारकामाच्या साहित्यात मिळतात, आणि चांदीच्या व्यवसायासाठी नाव असलेल्या खामगावात ती हत्यारं शोधायला लांब जावं लागत नाही. बग्गी घेऊन मुलानं या कारागिरांकडं जावं, काम होताना शेजारी उभं राहावं. त्याला दुरुस्तीबरोबर गुरूही मिळतील.

आयात, परवाना आणि रस्ता

चांगली किटं बहुतेक परदेशातून येतात. खेळण्यांवरची आयात जकात 2020 च्या अर्थसंकल्पात 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर गेली आणि 2023 मध्ये 70 टक्क्यांवर. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानकाची खूण बंधनकारक झाली. त्यामुळं परदेशातून स्वतः मागवण्याआधी जकातीसह किंमत काढावी आणि शक्यतो भारतातल्या विक्रेत्याकडून घ्यावं. किट घेतानाच सर्वांत आधी मोडणारे भाग सोबत मागवावेत: पुढच्या दोन्ही दांड्या, पिनियन, मोठा गिअर, बॉल कप, ओ-रिंग. पार्सलची वाट पाहण्यात सुट्टी संपून जाते.

लिथियम बॅटरी विमानानं पाठवण्यावर निर्बंध आहेत, म्हणून ती यायला वेळ लागू शकतो. रेडिओचा प्रश्न मात्र सुटलेला आहे. जुने 27 मेगाहर्ट्झचे संच स्फटिक बदलून चालवावे लागत, दोघांचा स्फटिक एकच निघाला तर गाड्या एकमेकांच्या रिमोटवर पळत. आजचे 2.4 गिगाहर्ट्झचे संच आपापल्या रिसिव्हरशी बांधलेले असतात आणि कमी शक्तीच्या अशा उपकरणांना भारतात 2005 पासून वेगळा परवाना लागत नाही. सार्वजनिक रस्त्यावर, बसस्टँडजवळ किंवा गुरांच्या वाटेवर बग्गी चालवू नये. ताशी चाळीस किलोमीटरनं येणारी दीड किलोची वस्तू पायावर बसली तर हाड मोडू शकतं.

शर्यतीपासून शिक्षणापर्यंत

या जिल्ह्याला शर्यतीची ओढ नवी नाही. शंकरपटाला, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीला, माणसं गावोगावहून जमतात आणि सर्वोच्च न्यायालयानं मे 2023 मध्ये बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवल्यावर ती परंपरा निर्धास्त झाली. यंत्राच्या शर्यतीसाठी मात्र आपल्या मुलांना बाहेर जावं लागतं. 1998 पासून भरणाऱ्या आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये इंधनावरच्या रिमोट गाड्यांची 'फुल थ्रॉटल' ही स्पर्धा विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. खऱ्या मापाच्या बग्गीसाठी 2007 मध्ये पिथमपूरला सुरू झालेली बाहा एसएईइंडिया ही स्पर्धा आहे. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तिथं दहा अश्वशक्तीच्या इंजिनावर स्वतः बांधलेली बग्गी चालवतात. कॅम्बर आणि टो हे चाकांचे कोन, डिफरन्शियल, शॉकचा दाब, गिअरचं प्रमाण हे सगळे शब्द तिथं लागतात आणि दहावीतल्या मुलानं हातातल्या बग्गीवर ते आधीच अनुभवलेले असू शकतात. शेगावला 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. शाळांसाठी नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅबची योजना 2016 पासून आहे आणि तिच्यात एका शाळेला 20 लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. पायऱ्या आहेत, फक्त त्यांना जोडणारी एक वस्तू हवी.

माझा निष्कर्ष असा. पहिल्यांदा घेणाऱ्यानं बंद गिअरबॉक्सचं, एक दशांश मापाचं, विजेवरचं किट घ्यावं. त्याला बेअरिंगचा संच, गिअरचा डिफ आणि निकेलची बॅटरी लावावी. वर्षभर ते चालवून, मोडून आणि स्वतः दुरुस्त करून झाल्यावरच शर्यतीच्या यंत्राकडं वळावं. ज्या किटचे भाग भारतात मिळत नाहीत ते कितीही वेगवान असलं तरी आपल्यासाठी नाही. आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना विनंती आहे: ज्यांच्या शाळेत टिंकरिंग लॅब आहे त्यांनी पुढच्या खरेदीत दहा तयार रिमोट गाड्यांऐवजी दोन किटं, त्यांचे सुटे भाग आणि एक चांगला स्क्रूड्रायव्हर संच घ्यावा. बांधणीसाठी महिनाभर रोज एक तास द्यावा, आणि गावातल्या एका मोटर भरणाऱ्या किंवा लेथवाल्या कारागिराला त्या तासाला सन्मानानं बोलवावं.